एका हाताने गरवायचं कसं

पूर्णगड
३ नोव्हेंबर २०२४

युसुफचाचा,

नमस्कार. तुम्ही मला पाहिलेलं नाही. मी महिपत डोर्लेकरांची सून, विनीतची बायको नम्रता. नऊ वर्षांपूर्वी लग्न होऊन इथे आले, तेव्हा तुम्ही आणि मैमुनाचाची मुंब्र्याला मुलाकडे निघून गेला होतात. तुमच्या बंद घरावरून मी रोज अंगणवाडीत जाते. दारातला रातांबा यंदाही भरला होता. जनीकाकूंनी त्याची आमसुलं केली, म्हणजे काही वाया गेलं नाही.

पत्ता जनीकाकूंनीच दिला. आधी फोन करणार होते, पण त्या म्हणाल्या, चाळीस वर्षं जहाजाच्या इंजिनाजवळ काढून तुमचे कान गेलेत, फोनवर काही ऐकू येत नाही, आणि मोबाइलवरचं वाचायला दिलं की चिडता. म्हणून कागदावर लिहितेय.

काम असं, की मला गरवायला शिकायचंय. जाळं नको, गळानेच. आमची होडी यंदाच्या पावसाळ्यापासून माडाखाली पालथी पडलीय. विनीत विरारला असतो, त्याला वेळ नाही. गणेशगुळ्याच्या वाटेवरचा एक हॉटेलवाला ती मागतोय. दारात ठेवून तिच्यात फुलझाडं लावणार म्हणतो. विनीतला ते पटलंय. मला नाही पटलं.

माझं माहेर लांज्याच्या आत. समुद्र मी कॉलेजच्या सहलीत पहिल्यांदा पाहिला. त्यामुळे अगदी पहिलीतल्या पोराला सांगावं तसं सांगा. रत्नागिरीच्या बाजारात दुकानदाराने काठ्या दाखवल्या, रिळं दाखवली, लाल डोळ्यांचे रबरी मासे दाखवले. मला काहीच कळलं नाही. लहान होडीतून दोन माणसांनी गरवायचं तर काय काय लागतं?

आबांना का विचारत नाही, असं तुम्हाला वाटेल. आबांनी हल्ली दर्यावर जाणं सोडलंय. वय झालं. तुम्ही दोघं एकाच होडीतून जायचात, एवढं मला येसूबाईंकडून कळलं. मग वाटलं, जे आबांना येतं ते तुम्हालाही येत असणारच.

नम्रता

---

मुंब्रा
१२ नोव्हेंबर २०२४

बेटा नम्रता,

दुआ. दुकानदाराचे रबरी मासे दुकानदारालाच गिळू देत.

काठी नको. लहान होडीत दोन माणसं, वल्ही, नांगराचा दोर, त्यात काठ्या आल्या की एकमेकांचे डोळे फुटतात. हाताने सोडायचा दोर घे. तंगूस म्हणून माग, नायलॉनचा. मूळ दोर जाड घे, बारीक घेतलास तर बोटं कापतील. त्याच्या टोकाला पितळेची भोवरी बांध, म्हणजे पीळ पडणार नाही. भोवरीच्या पुढे हातभर बारीक तंगूस आणि त्याला गरी, म्हणजे गळाचा आकडा. खाली खडकात गरी अडकली तर बारीक तेवढं तुटेल, बाकीचा दोर तुझ्याकडे राहील. गरी करंगळीच्या नखाएवढी. मोठी गरी घेऊन मोठा मासा येत नाही, नुसतं आमिष जातं.

शिसं किती जड, हे कोणाला विचारू नकोस. तळाला टेकलेलं बोटाला कळलं पाहिजे, बस. त्याहून जड घेतलंस तर मासा चाखतोय ते कळणार नाही. हलकं घेतलंस तर प्रवाह ते गावखडीला घेऊन जाईल. म्हणून खिशात तीन वजनांची शिसं ठेव. तळाला टेकलं की दोर हातभर वर उचल आणि गप्प बस. मासे तिथेच फिरतात.

आमिषाला कोलंबी लावलीस तर पालू मासा खूश होईल, पण चिल्लर मासे ती आधी कुरतडतील. हॉटेलात स्क्विड म्हणतात ते माकूल चिवट असतं, टिकतं. ते नसलं तर बांगड्याची तिरपी फोड, कातडीसकट.

अष्टमीच्या आसपास जा. भांगाचे दिवस, पाणी ओढत नाही. उधाणाला घरी बस. खाडीचं तोंड भरती असतानाच ओलांडायचं, जाताना आणि येतानाही. जॅकेट घातल्याशिवाय होडीत पाय ठेवू नकोस.

आणि एक. दोर कधीही हाताला गुंडाळायचा नाही. कधीही नाही. बोटांत धरायचा. हे पत्रातलं बाकी सगळं विसरलीस तरी चालेल.

हे सगळं तुझ्या घरातला माणूस माझ्याहून चांगलं जाणतो. वय झालं म्हणतेस. तो माझ्याहून सात महिन्यांनी लहान आहे.

युसुफ

---

पूर्णगड
२८ नोव्हेंबर २०२४

चाचा,

तुमचं पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून होडीत नेलं. येसूबाई बरोबर होत्या. तुम्ही त्यांना ओळखता. वयाने बासष्ट, पण वल्हं मारताना माझ्यासारख्या दोघी दमतील. खाडीत कालवं काढायला त्या रोज जातात, समुद्रात मात्र त्याही कधी गेल्या नव्हत्या. मी म्हटलं, "भीती वाटतेय." तर म्हणाल्या, "वाटू दे. दर्या काय तुझ्या लांज्याचं शेत हाय? पण बसून ऱ्हायलीस तर भीती काय कमी होणार नाय."

किल्ल्याच्या खालच्या खडकापर्यंत गेलो. नांगर टाकला. दोर मागच्या बाजूला पडला होता, म्हणून मी तो मागेच बांधला. थोड्या वेळाने मागून एक मोठी लाट आली. होडीला मान वर काढताच येईना. पाणी थेट आत. येसूबाई ओरडल्या, "सोड गो दोर, सोड!" मी सोडला. नांगर दोरासकट गेला. डब्याने पाणी उपसलं. हे विनीतला कळवलेलं नाही.

तरीही परत यायच्या आधी अर्धा तास गरवलं. शिसं टेकलेलं कळलं! दोराला खालून कोणीतरी टकटक केलं आणि मी इतकी दचकले, की ओढायचंच विसरले. दुसऱ्यांदा ओढला. एक शेंगटी आली. गरी काढताना तिचा काटा तळहातात घुसला. हात कोपरापर्यंत ठणकत होता. घरी आबांनी तो सोसेल तितक्या कढत पाण्यात धरायला लावला, तेव्हा उतरला.

आता एक विचारते. दोर वर ओढताना एका हाताने ओढायचा आणि दुसऱ्याने धरायचा, असं दोन्ही हातांचं काम आहे. ते एकाच हाताने करता येतं का? म्हणजे समजा एक हात चालत नसेल, तर बसल्या जागेवरून दोर सोडणं, मासा लागल्यावर आवळणं, वर घेणं, हे सगळं जमेल असं काही असतं का?

नम्रता

---

मुंब्रा
६ डिसेंबर २०२४

बेटा,

आधी माझी चूक. नांगराचं लिहायचं राहिलं. पन्नास वर्षांत ज्या गोष्टीचा विचार करावा लागला नाही ती सांगायची सुचत नाही. त्या विसरण्याने तुम्ही दोघी बुडाला असतात. तुझं पत्र वाचून मी दोन दिवस नीट जेवलो नाही, हे मैमुना तुला सांगेल.

नांगर नेहमी नाळेवरून, होडीच्या पुढच्या टोकावरून सोडायचा. होडी लाटेकडे तोंड करून उभी राहते. मागे बांधलेली होडी लाटेला पाठ देते, आणि पाठीवर मारणाऱ्याला कोण अडवणार. दुसरं, दोर नांगराच्या कडीला बांधू नकोस. खालच्या बाजूला, फाळ जुळतात तिथे बांध, आणि कडीशी नुसता सुतळीने अडकव. नांगर खडकात रुतला तर जोराने ओढायचं. सुतळी तुटेल आणि नांगर उलटा होऊन सुटून येईल.

शेंगटीला हात लावायचा नाही. फडक्याने दाबून धर, पक्कडीने गरी काढ.

आता तुझा प्रश्न. शेंगटी तुझ्या एका तळहाताला लागली, आणि कढत पाण्याने ठणका उतरला म्हणतेस. म्हणजे तुझे दोन्ही हात शाबूत आहेत. येसूचेही आहेत. मग तू कोणाच्या हाताबद्दल विचारतेस?

तू उत्तर देण्याआधी मला एक सांगू दे. येसूने तुला अर्धंच सांगितलंय.

अकरा वर्षांपूर्वी मी आणि महिपत किल्ल्याबाहेर गरवत होतो. माझ्या दोराला काहीतरी फार मोठं लागलं. मी चूक केली, जी मी दुसऱ्यांना करू देत नाही. दोर हाताला गुंडाळला. मासा खाली गेला, दोर दोन बोटांत रुतला, मी काठावर आडवा झालो. महिपतने एक क्षण पाहिलं आणि सुरीने दोर कापला. मासा गेला. ती घोळ होती, माणसाएवढी. तो होडीत म्हणत होता, वागळं होतं, चपटं पाखट. दोघांनीही पाहिलं नव्हतं.

धक्क्यावर उतरल्यावर मी सगळ्या गावासमोर त्याला बोललो. तुझ्याने माझं चांगलं बघवत नाही, म्हणालो. आणखीही बोललो. ते लिहीत नाही. तो वल्ही खांद्यावर टाकून घरी गेला. आठ दिवसांनी डॉक्टर मला म्हणाले, अजून थोडा वेळ दोर राहिला असता तर दोन्ही बोटं काढावी लागली असती. हे मी कोणाला सांगितलं नाही. त्यालाही नाही. त्यानंतर मुंब्र्याला आलो.

म्हणून विचारतो. हात कोणाचा?

युसुफ

---

पूर्णगड
१५ डिसेंबर २०२४

चाचा,

हात आबांचा. जुलैत त्यांना झटका आला. अर्धं अंग लुळं पडलं. आता पाय थोडा चालतो, काठी घेऊन मोरीपर्यंत जातात. जीभ जड झालीय, एका वेळी एक-दोन शब्द निघतात, तेही तोंडाशी कान नेला तर कळतात. तुम्हाला कळू द्यायचं नाही, असं त्यांनी मला शपथ घालून सांगितलं होतं. झटका आल्यावर जे पहिले दोन शब्द नीट बोलले ते "युसुफला नको" हे होते. मला तेव्हा युसुफ कोण तेही माहीत नव्हतं.

पण नुसतं हातापायाचं असतं तर मी तुम्हाला त्रास दिला नसता. त्यांनी मनातून सगळं सोडून दिलंय. खुर्ची भिंतीकडे करून बसतात. पावसहून फिजिओथेरपीच्या मॅडम येतात, त्यांच्यासमोर डोळे मिटून घेतात. मॅडम म्हणाल्या, चेंडू दाबून हा माणूस उठणार नाही, त्यांच्या आवडीचं हाताला काम द्या. मी जाळ्याची सुई दिली, ती खाली टाकली. मग मी तुम्हाला लिहिलं.

शेंगटी लागून मी रडत घरात आले, तेव्हा चुलीवरच्या पाण्याकडे डोळ्यांनी खुणा करत राहिले. मला कळेपर्यंत पाय आपटत होते. पाच महिन्यांत कशासाठी तरी एवढी धडपड मी पहिल्यांदा पाहिली. त्या दिवसापासून खुर्ची मी दाराकडे वळवलीय, आणि त्यांनी ती परत फिरवायला लावली नाही.

विनीतला त्यांना विरारला न्यायचंय. त्याचं चुकत नाही, तिथे इस्पितळ जवळ आहे, आणि मी इथे एकटी. तो फेब्रुवारीत येईल, होडी हॉटेलवाल्याला देईल आणि आबांना घेऊन जाईल. चौथ्या मजल्यावरून आबांना रेल्वेचे रूळ दिसतील.

तुमचं मागचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं नाही. ते तुम्ही सांगायचं आहे, मी नाही.

नम्रता

---

मुंब्रा
२१ डिसेंबर २०२४

नम्रता,

होडीच्या काठाची जाडी मोजून कळव. काठापासून बसायच्या फळीपर्यंत किती उंची, तेही. कोणता हात ते कळव. लवकर.

युसुफ

---

पोस्टकार्ड
पूर्णगड, २८ डिसेंबर २०२४

चाचा, काठाची जाडी अडीच इंच. काठ ते फळी एक वीत आणि चार बोटं, म्हणजे टेपने साडेअकरा इंच. हात डावा. काय करताय? नम्रता

---

मुंब्रा
१९ जानेवारी २०२५

बेटा,

ट्रॅव्हल्सच्या गाडीने एक खोकं पाठवलंय, पावसला उतरवून घे. जड आहे, येसूला ने.

आतमध्ये चाक आहे. माझी नात आयात मोठी झाली, तिची लहानपणची सायकल गॅलरीत गंजत होती. तिचं पुढचं चाक काढलं, टायर काढून टाकला. टायरच्या जागी दोर गुंडाळला जातो. खाली लोखंडी पकड आहे, ती होडीच्या काठाला आवळायची. बाजूला हँडल. बसल्या जागी एका हाताने हँडल फिरवलं की दोर वर येतो. नॉर्वेच्या एका बंदरात म्हातारे कोळी असंच चाक लावून एकटे गरवताना मी पाहिले होते. तीस वर्षं डोक्यात होतं, करायला कारण मिळालं नव्हतं.

आसाला चामड्याचा पट्टा लावलाय आणि त्यावर पंखांचा नट. नट आवळला की चाक जड, ढिला केला की हलकं. नीट ऐक. पट्टा इतकाच आवळायचा की लहान मासा सहज वर यावा, आणि मोठ्याने जोर केला तर चाक आपोआप उलटं फिरून त्याला दोर मिळावा. तो दमला की परत फिरवायचं. मग कोणाच्या हाताला काही होत नाही, आणि कोणाला काही कापावं लागत नाही.

महिपतसाठी प्लास्टिकची हात असलेली खुर्ची घे, तिचे पाय कापून टाक आणि ती होडीच्या तळाशी बांध. फळीवर त्याचा तोल राहणार नाही. आधी अंगणात पाटाला चाक लावून फिरवू दे. दोराच्या टोकाला वीट बांध.

कोणी केलं विचारलं तर मिस्त्रीने केलं म्हण.

युसुफ

---

पूर्णगड
२७ जानेवारी २०२५

चाचा,

खोकं मी ओसरीवर उघडलं. आबा बघत होते. चाक बाहेर काढून पाटाला आवळलं आणि त्यांची खुर्ची जवळ नेली. त्यांनी आधी पट्ट्याला हात लावला. मग नटाला. मग आसाला बोट लावून ग्रीसचा वास घेतला. मी म्हटलं, "मिस्त्रीने केलंय." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी दुसरीकडे बघायला लागले.

मग हँडल धरायला गेले आणि थांबले. हँडल उजव्या बाजूला आहे, चाचा. मी "हात डावा" लिहिलं, ते चालणारा हात म्हणून. तुम्ही लुळा हात समजलात. माझंच चुकलं, नीट लिहायला हवं होतं. आबांचा उजवा हात मांडीवर पडून असतो आणि डावा चाकावरून पलीकडे पोचत नाही.

मला रडूच आलं. पण आबांच्या घशातून काहीतरी आवाज आला. मला वाटलं ठसका लागला, पाणी आणायला धावले. येऊन बघते तर हसत होते! हसता हसता बोलले, चार शब्द, सलग. "युसुफला. उजवं. डावं. कळतं?"

येसूबाई दारात होत्या. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "बोलला गो. शिव्या घातल्यासारखा बोलला, पण बोलला."

काल त्यांनी फिजिओथेरपीच्या मॅडमना डोळे उघडे ठेवून हात दिला.

पावसला एक फिटर आहे. हँडल काढून दुसऱ्या बाजूला बसवून द्यायला तो तयार आहे. त्याला दाखवू का? विनीत एकोणीस फेब्रुवारीच्या सुट्टीला येतोय.

नम्रता

---

मुंब्रा
२ फेब्रुवारी २०२५

नम्रता,

फिटरला हात लावू देऊ नकोस. हँडलचा आटा उलटा पाडावा लागेल, नाहीतर फिरवताना ते सुटून पाण्यात जाईल. त्याला ते कळायचं नाही.

चाळीस वर्षांत माझ्या हातून उलटं काम गेलेलं नाही. हे एक गेलं. ते दुसऱ्याने सुधारायचं नाही.

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास पोचतो. जनीकडे चावी आहे, घर झाडायला सांग. महिपतला सांगायचं की नाही ते तू ठरव.

युसुफ

---

पूर्णगड
२१ फेब्रुवारी २०२५

मैमुनाचाची,

तुम्हाला हे माझं पहिलंच पत्र. चाचांना इथे येऊन बारा दिवस झाले. काम एका तासाचं होतं. "उद्या निघतो" असं ते रोज म्हणतात, म्हणून काय काय झालं ते तुम्हाला कळवायला हवं.

आबांना मी सांगितलं नव्हतं. चाचा अंगणात आले, तेव्हा आबा ओसरीवर होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. चाचांनी हत्यारांची पेटी खाली ठेवली, चाकापुढे मांडी घातली आणि हँडल खोलायला लागले. आबा बघत राहिले. मी चहा आणून ठेवला, तो दोघांचाही थंड झाला. शेवटी चाचा नट आवळायला लागले, तर आबांनी काठीने जमिनीवर ठोकलं आणि डाव्या हाताने खूण केली, उलटा फिरव. चाचांनी हातातल्या पान्याकडे पाहिलं. खरंच चुकीच्या दिशेने फिरवत होते. उलटा आटा त्यांनीच पाडला होता आणि तेच विसरले होते. मग चाचा आबांच्या खुर्चीशेजारी ओसरीच्या पायरीवर बसले ते दुपारपर्यंत उठले नाहीत.

चाची, मला काळजी वाटत होती, यांचं बोलणं कसं होणार. आबांचं बोलणं कोणाला कळत नाही, चाचांना कोणाचं ऐकू येत नाही. पण त्यांना माझी गरजच लागली नाही. होडीत वारा असतो, तिथे ते लहानपणापासून हातांनीच बोलत आले होते. दहा दिवस अंगणात विटा ओढल्या. मी रोज हलकी वीट बांधायची, आबा रोज मोठीकडे बोट दाखवायचे.

विनीत बुधवारी आला. काल अष्टमी होती. सकाळी भरतीला आम्ही होडी पाण्यात लोटली. वल्ह्यावर येसूबाई आणि मी, पाय कापलेल्या खुर्चीत आबा, त्यांच्यासमोर चाचा. सगळ्यांना जॅकेट. विनीतला वाटलं आम्ही खाडीत फिरवून आणणार. तो हॉटेलवाल्याला घेऊन यायला गेला होता.

किल्ल्याखाली नाळेवरून नांगर टाकला. चाचांनी माकुलाची फोड लावून गरी आबांच्या हातात दिली. आबांनी ती बघितली, काढून टाकायला लावली, आणि बांगड्याची लावायला सांगितली. चाचा बडबडले, पण लावली. आबांनी नट ढिला केला, दोर सोडला, शिसं टेकलं तसा बोटाने थांबवला. चाची, त्याच हाताने त्यांनी जाळ्याची सुई खाली टाकली होती.

दोन पालू आले. मग बराच वेळ काही नाही. मग चाक एकदम उलटं फिरायला लागलं. आबा पुढे झुकले. चाचांचे दोन्ही हात आपोआप पुढे गेले, आणि मी पाहिलं, त्यांनी ते मागे घेतले आणि स्वतःच्या मांडीखाली दाबून त्यांच्यावर बसून राहिले. मासा दोर नेत होता, आबा नेऊ देत होते. थांबला की दोन फेरे आबांचे. परत तो ओढायचा. आबांच्या गालावरून घाम वाहत होता, मी पुसायला गेले तर मान झटकली. शेवटी पाण्यात लाल काहीतरी वळलं. तांबोसा! येसूबाईंनी झेल्याने, दांड्याच्या जाळीने, वर घेतला. माझ्या हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब.

परत येताना खाडीच्या तोंडातून आत आलो, तेव्हा चाचा बोलले. त्यांना वाटलं असेल हळू बोलतोय. पण तुम्हाला त्यांचा आवाज माहीत आहे. धक्क्यावरच्या सगळ्यांना ऐकू गेलं, मासळीवाल्या बायका हातातलं काम टाकून उभ्या राहिल्या. "महिपत, तू दोर कापलास म्हणून ही बोटं राहिली. डॉक्टर बोलला होता. मला अकरा वर्षं माहीत होतं. मी तुला लोकांसमोर नको ते बोललो. मी चुकलो. माफ कर."

आबा काहीतरी बोलले. धक्क्याला लागणाऱ्या मोठ्या होड्यांच्या इंजिनांच्या आवाजात मला कळलं नाही, चाचांना तर ऐकूच आलं नाही. पण आबांनी डावा हात चाचांच्या गुडघ्यावर ठेवला आणि धक्का येईपर्यंत उचलला नाही. घरी आल्यावर मी कान त्यांच्या तोंडाशी नेऊन विचारलं, काय म्हणालात? म्हणाले, "वागळं. होतं. ते."

धक्क्यावर विनीत आणि हॉटेलवाला उभे होते. विनीतने ते सगळं ऐकलं होतं. तो पाण्यात उतरला, कमरेपर्यंत पँट भिजली, आणि वडिलांना खुर्चीसकट उचलायला गेला. आबांनी त्याला थांबवलं आणि मासा दाखवला. विनीतला लहानपणी ते असेच दाखवायचे, हे तो मला नंतर म्हणाला. हॉटेलवाल्याला त्याने हात जोडून परत पाठवलं. आज सकाळी विरारला गेला. एकटा. तिथल्या डॉक्टरांना तो दर महिन्याला आबांचे रिपोर्ट दाखवणार आहे, आणि मी मॅडमना आठवड्यातून तीनदा बोलावणार आहे, असं ठरलं.

तर चाची, चाचा सोमवारी निघतो म्हणतात. मला वाटत नाही. त्यांनी दुसऱ्या चाकासाठी गावात जुनी सायकल शोधायला सुरुवात केलीय. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्यात, नाव कळवा म्हणजे पावसला घेईन.

तुमची नम्रता

---

मुंब्रा
२५ फेब्रुवारी २०२५

लाडक्या नम्रताला मैमुनाचाचीची दुआ.

गोळ्यांचं पाकीट सोबत जोडलंय, त्यावर नाव आहे. सकाळी एक, उपाशीपोटी नाही. तो विसरतो आणि घेतली म्हणून सांगतो. मोजून बघ.

तुला वाटतं तू त्याच्याकडे मदत मागितलीस. तुला इथलं काही माहीत नाही, म्हणून लिहिते. मुंब्र्याला आल्यापासून हा माणूस हळूहळू गप्प होत गेला. कानातलं मशीन मुलाने, अद्नानने, आणून दिलं, ते खणात ठेवलं. माणसांत बसलं की कोण काय बोलतं कळत नाही, म्हणून माणसांत बसणं सोडलं. नमाजला जायचा तो मान खाली घालून यायचा. मागच्या दोन वर्षांत दिवसभरात मला दहा शब्द मिळाले तर पुष्कळ. खिडकीत बसायचा. तुझा सासरा भिंतीकडे तोंड करून, हा खिडकीकडे, एवढाच फरक.

तुझं पहिलं पत्र आलं त्या दिवशी त्याने ते तीनदा वाचलं आणि मला हाक मारली. मोठ्याने. मी घाबरून आले. म्हणाला, "मैमुना, कोणीतरी गरवायचं कसं विचारतंय." तुला जे पत्र पाठवलं त्याआधी चार कागद फाडले. तेव्हापासून घरात त्याचा आवाज सुरू झाला. प्रत्येक पत्र मला वाचून दाखवायचा, लिहिलेलंही आणि आलेलंही. बहिऱ्या माणसाचा आवाज, सगळ्या मजल्याला ऐकू जायचा. खालच्या मजल्यावरची तेजस्वी मला जिन्यात विचारायची, चाची, नांगराचं पुढे काय झालं?

गावात काय बोलला होता, ते मला त्याच दिवशी कळलं होतं. मी अकरा वर्षं सांगत होते, एक ओळ लिही त्याला. लिहिली नाही. माणूस जिद्दी आहे. पण वाईट नाही, हे महिपतभाऊंना माझ्याकडून सांग. त्यांनी ते ओळखलंच असेल.

तो गेला त्याला सतरा दिवस झाले. घर फार शांत आहे. काल वरच्या मजल्यावरून दोघीजणी विचारायला आल्या, चाचांची तब्येत बरी आहे ना, आवाज येत नाही. मी त्यांना चहा दिला आणि त्या गेल्यावर माझी बॅग भरली.

रमजान रविवारी लागतोय. रोजे आम्ही तिथेच धरू. मी शुक्रवारी पोचते, हे पत्र कदाचित माझ्यानंतर येईल. त्याला निघू देऊ नकोस.

मैमुना